सुमारे

हंट्सव्हिलमध्ये जानेवारीत पाचलाच अंधारतं.
आमच्या तळमजल्याला खिडकी नाही,
तिथे अंधार सकाळी साडेसातलाच कामावर हजर असतो.
मी फिल्म सरकवते. एक चौकट पुढे.
एक मागे.
टाकीच्या अंगावरून सुटलेला नारिंगी ठिपका
तीन चौकटींत दिसतो, चौथीत पंखाआड,
पाचवीत नुसती भुकटी.

एवढ्यावरून वजन सांगायचं.

लांबी : सावलीवरून.
रुंदी : बोल्टांच्या रांगेशी ताडून.
जाडी कुणालाच दिसलेली नाही.
तुकडा कोलांट्या घेतोय, कॅमेरा सात मैलांवर,
भिंगावर फ्लोरिडाच्या खाडीचा दमटपणा.
घनता तेवढी पक्की, घनफुटाला अडीच पौंड.

डेल्बर्ट वैजयंतीचं ‘व्ही’ करतो.
“फोम आहे, व्ही. कॉफीच्या कपाचा असतो तसला.”
आणि रिकामा कप माझ्याकडे भिरकावतो.
कप अर्ध्या वाटेत दम टाकतो, खाली पडतो.

तेच तर, डेल्बर्ट.
हलकं असतं ते हवेत लगेच थबकतं.
मागून येणारं यान थबकत नाही.
फोम येऊन यानाला लागत नाही,
यानच फोमवर जाऊन आदळतं
सेकंदाला सातशे फुटांनी.

माझे वडील बार्शीत वजनमापे निरीक्षक.
भुसाराच्या दुकानात शिरले की आधी पारडं उलटं करायचे,
खाली चिकटवलेली चिंच शोधायचे.
किलोच्या बुडातलं शिसं कुणी खरवडलंय का,
ते टिचकी मारून, कान लावून.
मापात पाप नको, असं जेवताना म्हणायचे
आणि आई आमटीची पळी उगाच दोनदा निथळायची.

त्यांना मी लिहिलं, माझं काम तुमच्यासारखंच,
फक्त जिन्नस समोर नसतो. आता कुठेच नसतो.
महिन्याने उत्तर आलं, बाकी मजकूर आंब्यांचा,
शेवटी एक ओळ :
मग तागडी कुणाची?

मी अहवालात लिहिलं होतं :
कमीत कमी पाऊण पौंड, जास्तीत जास्त दोन.
साहेब म्हणाले, दोन आकडे स्लाइडवर बरे दिसत नाहीत.
दिला एक. एक पूर्णांक तीन.
त्याच्या आधी ‘सुमारे’ घातलं,
लहान मुलाला शाळेत सोडताना
मोठ्या भावाचा हात धरायला लावतात, तसं.

यान परतलं. सगळे जण जिना उतरले, हात हलवत.
पोटाच्या फरशांवर चरे होते, मोजले, एकशे बत्तीस.
कॅफेटेरियात केक कापला.
आकडा फायलीत गेला.

या वर्षी दुसरं उड्डाण, दुसरा तुकडा.
काल फोनवर ह्यूस्टनचा कुणी तरुण वाचून दाखवत होता :
“मागच्या खेपेला एक पूर्णांक तीन पौंड.
काही झालं नव्हतं.”
‘सुमारे’ कुठे गेलं? मी विचारलं.
तारेवर खरखर.
“मॅडम?”

म्हणजे माझ्या अंदाजाचं आता वजन झालं होतं.
दुसऱ्या पारड्यात बसून
ते नव्या तुकड्यांना तोलत होतं,
बुडाला टिचकी न मारलेलं.

रात्री टीव्हीच्या खोक्यातला फोम
पावाच्या सुरीने कापला, उशीएवढा,
स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला.
काटा हलला, न हलल्यासारखा.
मग मी वरून बोट टेकवलं.
दोन पौंड. पाच. नऊ.
वडील इथे असते तर
काट्याकडे नाही, बोटाकडे बघितलं असतं.

ओट्यावर, शर्टाच्या बाहीवर, केसांत
पांढरे दाणे. झटकले तरी चिकटतात.

यान अजून वर आहे. उतरायला सहा दिवस.
मी नवा कागद घेते.
लांबी : इतकी ते इतकी.
रुंदी : इतकी ते इतकी.
जाडी : माहीत नाही.